झाकणावर लिहू नये

मी, श्रीमती निर्मला सुक्या धोडी, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजे चिखले, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी सून वर्षा हिला तो मान्य नाही, कारण आजच्या तारखेला माझ्या घरात एकशे बारा रिकामी खोकी आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मिळकत कोणती आणि कोणाला, एवढंच लिहा." ते त्यांच्या मृत्युपत्रात तसे लिहितील.

खोक्यांचा खुलासा आधी करते. माझे यजमान सुक्या यांनी घोलवडच्या एका वखारीत सदतीस वर्षे चिकू भरले. त्यांचा धाकटा भाऊ हाल्या शेजारी बसून पुठ्ठ्याला घड्या घालून पिना मारायचा. हाल्याने खोके करायचे, सुक्याने भरायचे. कोपरा फाटलेले खोके घरी न्यायला परवानगी होती. सुक्या पगार कधीकधी विसरून आले, खोके कधी विसरले नाहीत.

कलम १. माझे राहते घर मुलगा सुनिल आणि सून वर्षा या दोघांच्या नावे करते. एकट्या सुनिलच्या नावे करत नाही, कारण कोणते कौल गळते हे त्याला ठाऊक नाही, वर्षाला आहे. मागच्या खोलीतले चोवीस खोक्यांचे कपाट नवीन कपाट येईपर्यंत मोडू नये. नवीन कपाट येणार असे मी आठ वर्षे ऐकते आहे. तसेच वर्षाच्या ब्लाउजांचे सर्व साचे माझ्याच खोक्यांतून कापलेले आहेत, याची इथे नोंद असावी.

कलम २. पोस्टातली शिल्लक आणि कानातले मुलगी दक्षा, राहणार तलासरी, हिला द्यावे. सोबत सफरचंदाची चार जाड खोकीही तिलाच. तिची कोंबडी त्याशिवाय अंड्यांवर बसत नाही. चिकूच्या खोक्यात बसवून पाहिली होती, उठून गेली.

कलम ३. खळीचे पातेले, दाभण, सुतळी आणि वाकलेली सुरी आत्ताच्या सेविकाबाईंना द्यावी. त्यांनी माझ्या जागी आल्याबरोबर पोरांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या, तो राग मी इथे सोडते. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात. नळ्या उभ्या ठेवून कापले तर त्यावर पोर बसते, आडव्या ठेवल्या तर पोरासकट खाली येते. कीड लागू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद घातले असेल तर ती पोरांच्या हाती देऊ नये. बाकी अक्कल ज्याची त्याने आणावी.

कलम ४. उरलेली खोकी पाड्यातील ज्याला लागतील त्याने न्यावीत. उलगडून जमिनीवर अंथरली तर ओल अंगाला लागत नाही. झाकणाने चूल चांगली पेटते, म्हणजे वारा घालून; झाकणच चुलीत घालणाऱ्याला माझा शाप आहे. खिडकीची मोडलेली काच, डुगडुगणारा पलंग, मोबाईल बघण्यासाठी स्टँड, मांजरीचे बाळंतपण, सगळे पुठ्ठ्यात भागते. मात्र सुनिल जी ऑनलाइन मागवलेली पातळ खोकी आणतो ती खोकी नव्हेत. त्यांना पाकीट म्हणावे.

कलम ५. मी गेल्यावर वखारीचे जुने मुकादम भाषण करायला येतील. त्यांना चहा द्यावा, माईक देऊ नये. सुक्या गेले तेव्हा ते अर्धा तास बोलले. जन्मभर त्यांनी वरच्या थराला मोठी फळे आणि खाली बारीक अशीच पेटी लावायला सांगितली, माणसाबद्दलही तसेच बोलतात. माझ्याबद्दल बोलायचे असेल तर खालचा थरही दाखवावा. तो मीच पुढे दाखवते.

कलम ६. माळ्यावरची पुठ्ठ्याची आगगाडी. आठ खोक्यांची आहे, पुढे इंजिन. २००६ साली अंगणवाडीच्या पोरांसाठी केली. तलासरीला रेल्वे जात नाही, म्हणून आमच्या गाडीचा पहिला थांबा तलासरीच ठेवला होता. इंजिन मजबूत व्हावे म्हणून त्याच्या पोटाला रद्दीतल्या सरकारी पाकिटांचे थर खळीने चिकटवले होते. यंदा ऑगस्टमध्ये माळा गळला, इंजिनाचे पोट फुगले आणि थर सुटले. मी दुरुस्तीला बसले, तर तिसऱ्या थरात एक बंद पाकीट निघाले. आतल्या कागदावर माझ्या सासूबाई जानी यांचा अंगठा होता.

आता हे पाकीट कोणते ते सांगते. सासूबाईंनी वाटणीचा कागद गुरुजींकडून लिहून घेतला, पाकिटात बंद केला आणि "मी मेल्यावर उघडा" म्हणून माझ्याकडे ठेवायला दिला. मी तो त्यांच्या खोक्यात ठेवला. माझ्या घरात प्रत्येक खोक्याच्या झाकणावर आतल्या मालाचे नाव असते. हाल्याची बायको, माझी जाऊ तुळशी, दिवाळीआधी घर झाडायला मदतीला आली होती. आम्ही दोघींनी सगळी झाकणे उन्हात ठेवली आणि परत लावली. वखारीची खोकी सगळी एका मापाची. "सासूबाई" हे झाकण बसले रद्दीवर आणि "रद्दी" हे बसले सासूबाईंवर. मग मी रद्दी म्हणून सासूबाईंची वाटणी इंजिनाला चिकटवली.

सासूबाई गेल्या. दिवस झाल्यावर खोके उघडले, तर आत अंगणवाडीची जुनी रद्दी. गुरुजी तोवर बदलून गेले होते आणि कागदात काय लिहिले ते कोणालाच माहीत नव्हते. विहिरीजवळची सहा चिकूची झाडे सासूबाईंनी मला एकटीला गाठून "तुझीच" म्हटले होते. तुळशीलाही एकटीला गाठून तेच म्हटले होते. मी शिकलेली असल्यामुळे माझे डोके भराभर चालले. मला वाटले, तुळशीने पाकीट काढले आणि संशय नको म्हणून वर रद्दी भरली. दुसऱ्या दिवशी हापशीवर, आठ बायकांसमोर, मी तिला चोर म्हटले.

झाडे आमच्याकडेच राहिली. दोघे भाऊ वखारीत शेजारी बसत, हाल्याने केलेले खोके सुक्या भरत, पण बोलणे बंद. २०१८ साली सुक्या गेले. हाल्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी त्याला खांदा देऊ दिला नाही. दोन वर्षांनी तोही गेला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी चुकीच्या चिकटवल्या, पण या एकीची मला लाज वाटते.

कलम ७. सासूबाईंच्या कागदाप्रमाणे सहाही झाडे आणि खालची जागा धाकट्या सुनेची, म्हणजे तुळशीची आहे. सबब माझ्या पश्चात ती तिला द्यावी. सुनिलने त्या जागेत दुकान काढायचे ठरवले होते. त्याने दुकान दुसरीकडे काढावे. एकोणीस वर्षांचे चिकू परत करता येत नाहीत, ते आम्ही खाल्ले. तुळशी हाल्या धोडी ही चोर नाही, असे मी या कागदाद्वारे जाहीर करते.

दुरुस्ती. वरचे कलम ७ मी खोडले आहे. वाचता येईल असेच खोडले आहे. कारण पुढीलप्रमाणे.

मी हा मसुदा वर्षाच्या हाती तुळशीकडे पाठवला. स्वतः गेले नाही, पाय दुखत होते असे मी वर्षाला सांगितले. अर्ध्या तासात मसुदा परत आला. वर्षा म्हणाली, "आई, काकी नको म्हणतात."

"झाडं नको?"

"त्या म्हणतात, तू मेल्यावर मला माफी कोन देनार, तलाठी? बोलायचं तर आता बोल. जिथं बोललीस तिथंच बोल."

सुनिल म्हणाला, "आई, नको म्हणते तर राहू दे ना. तसंही कागद कोणी बघितलाय?"

मी त्याला जे उत्तर दिले ते कायदेशीर कागदात लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायच्या वेळेला मी हापशीवर गेले. बायका जमल्या होत्या, तुळशी हंडा लावून उभी. माझा आवाज आता बसका झाला आहे, म्हणून मी पोलिओच्या डोसाला पाड्यापाड्यात ज्यातून हाका मारायचे तो पुठ्ठ्याचा भोंगा सोबत नेला होता. तोंडाला लावला आणि म्हटले, "ऐका हो."

तुळशी म्हणाली, "तो खाली ठेव. चोर बोललीस तेव्हा भोंगा लागला नव्हता."

मी खाली ठेवला. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवावेत कळेना. मग मी सगळे सांगितले. झाकण, रद्दी, इंजिन, हाल्याचा खांदा. शेवटचे सांगताना मला रडू आले, ते मी थांबवले नाही. म्हटले, "तुळशे, तू चोर नव्हतीस. मी चुकले. हाल्याला मी अडवायला नको होतं."

हापशी कोणीच मारत नव्हते. तुळशी पदराने तोंड पुसून म्हणाली, "ते रोज संध्याकाळी विचारायचे, वहिनी काय बोलली का." मग हंडा उचलून म्हणाली, "चल, तलाठ्याकडे जायचंय ना? चप्पल घाल आधी."

मी अनवाणीच आले होते, ते मला तेव्हा कळले.

सबब सहा झाडांच्या फेरफाराचा अर्ज मी हयातीतच दिला आहे. सासूबाईंचा कागद तुळशीच्या हाती दिला आहे. जे माझे नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. सुनिल चार दिवस जेवताना बोलला नाही, आता बोलतो.

कलम ८. आगगाडी अंगणवाडीला. इंजिनाच्या पोटाला नवे थर लावले आहेत, प्रत्येक पाकीट उघडून पाहिले आहे.

कलम ९. यापुढे घरातील कोणीही खोक्याचे नाव झाकणावर लिहू नये. अंगावर लिहावे.

मला खोक्यात घालू नये. चार माणसांनी खांद्यावर न्यावे. पुढच्या उजव्या बाजूला तुळशीचा मुलगा मिथुन असावा. ती जागा त्याच्या बापाची होती.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण : चिखले
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) निर्मला सुक्या धोडी

साक्षीदार
१. (सही) झिपरू लडक्या वरठा, राहणार चिखले. संपूर्ण मजकूर वाचण्यास वेळ मिळाला नाही, फार लांब आहे.
२. (सही) तुळशी हाल्या धोडी, राहणार चिखले. अंगठा नाही, सही केली आहे. ती मला निर्मलानेच शिकवली होती, खोक्याच्या झाकणावर, कोळशाने.

टीप : साक्षीदार क्र. २ हिने भोंगा मागितला. वकीलसाहेब म्हणतात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, म्हणून तो आजच दिला. आता ती अंगणातून मला त्यातून चहाला हाक मारते आहे. जाते.