देणगीदाराचे कुटुंब

सोमवार
चित्रं कशाने साफ करणार? थुंकीने, असं मी सांगितलं तेव्हा संचालक दोन पावलं मागे सरकले. काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा, चित्रावरून हलकेच फिरवायचा. जुना मळ याच्याइतका कशानेच सुटत नाही. जगभर हेच करतात. त्यांनी रुमालाने स्वतःचं तोंड पुसलं. असा माणूस कलासंग्रहालय चालवतो.

बाकी छान. खोली हवेशीर, नोकरी पक्की. पुढच्या महिन्यात बायको आणि लेक येतील.

संग्रह दिव्य आहे. सूर्यास्त, पुन्हा सूर्यास्त, टोपलीतली फळं. दातांच्या डॉक्टरकडे असतात तसली चित्रं, फक्त चौकटी सोनेरी. शेवटच्या दालनात भिंतभर ‘देणगीदाराचे कुटुंब’. इमारत त्याच्या पैशाची, म्हणून उतरवता येत नाही. देणगीदार, बायको, चार मुली, कुत्रा. चित्रकाराला हात जमत नव्हते. सगळ्यांचे खिशात किंवा शालीत. तोंडं मिटलेली, जरा वाकडी. जसा काही मीच त्यांच्याकडे उधार मागायला आलोय.

माझ्या आधीच्या माणसाने एक मुलगी साफ केली आणि काम सोडलं. संचालकांनी फोन केला तर पलीकडे नुसता श्वास घेत राहिला म्हणे. नखरे.

संध्याकाळी लेकीला फोनवर गोष्ट सांगितली. त्याशिवाय ती जेवत नाही.

मंगळवार
देणगीदाराच्या कपाळापासून सुरुवात. श्रीमंताच्या तोंडावर थुंकायचा पगार मिळेल असं वाटलं नव्हतं. माझी बायको फोनवर म्हणाली, तुला शोभतंय.

दालनात राखणीला बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, ही साफ केलेली पोर बघा, आत्ताच पाणी प्यायल्यासारखी दिसते. मळ गेला की रंग उजळतो, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. समजलं नसणार.

गुरुवार
तोंड कोरडं. पाणी पितो, ओठच ओले होतात. लेक म्हणाली, बाबा, तुझा आवाज कागदासारखा येतोय. गोष्ट अर्धीच राहिली.

देणगीदाराचे ओठ चमकतात. त्याच्या बायकोचेही. साफ झाली तरी अक्कल चेहऱ्यावर येत नाही.

शुक्रवार
देणगीदाराच्या ओठांच्या कोपऱ्यात थेंब होता. कापसाने टिपला. कापूस ओला झाला. आज मी तो तोंडात घातलाच नव्हता.

शनिवार
आरशात जीभ पाहिली. भेगा. बारीक जाळी, जुन्या रंगाला पडते तशी. डॉक्टर म्हणाला, पाणी प्या. शिकलाय म्हणे.

काम सोडतो, हे संचालकांना कागदावर लिहून दाखवलं. आवाज उरला नाही. ते हसले. तुम्हीही का?

लेकीचा फोन उचलला नाही. काय सांगू—

रविवार
सामान आणायला दालनात गेलो. सहाही तोंडं उघडी. आत दात. ज्याला साधे हात जमले नाहीत त्याने दात कधी—

पळालो. मोबाइल तिथेच राहिला.

सोमवार, सकाळ
मोबाइल घ्यायला परत गेलो. मावशींनी दालन उघडलं. मोबाइल चित्राखालच्या स्टुलावर, चालू. लेक खिदळत होती. माझा आवाज तिला गोष्ट सांगत होता. अर्धी राहिलेली.

गोष्ट संपली. आवाज म्हणाला, आम्ही येतोय, दार उघडं ठेव. तिने विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण, बाबा?

कॉल कट झाला. मी वर पाहिलं. चित्रात फक्त कुत्रा.

बायकोला मेसेज केला: दार उघडू नकोस. मी अजून इथेच आहे. तिचं उत्तर आलं: चेष्टा पुरे, जिन्यात तुझा आवाज येतोय.

लगेच लिहिलं, तो मी नाही. तो—