जळक्या ओकांची पानं

२६ मार्च

पानं करणार म्हणे! तीही पॉलिमर क्लेची. म्हणजे ती रंगीत प्लास्टिकची माती — पाकिटातून काढायची, मळायची, लाटायची, कापायची आणि ओव्हनमध्ये बिस्किटांसारखी भाजायची. मग रस्त्यावरच्या कोळसा झालेल्या ओकांना तारेनं टांगायची. कशाला? तर एप्रिलअखेर, आपल्या ऑस्ट्रेलियातल्या शरदात, पानगळीची जत्रा, आणि या वर्षी गळायला पानंच नाहीत.

कल्पना अर्थातच लिनेटची. जानेवारीच्या वणव्यात तिचं घर गेलं, बेकरी गेली, आता बाई गावच्या हॉलच्या मागे कॅरव्हॅनमध्ये राहते — आणि चेहरा मात्र असा, की काल लग्न लागलं असावं. सभेत उभी राहून म्हणाली, झाडांना असं उघडं ठेवणं बरं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले.

मी हसले. मी एकटीच. डग हॅनराहननं वळून माझ्याकडे पाहिलं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची ती झाडं, एकेकाच्या नावानं एकेक ओक. त्यात एक डगच्या काकाचं आहे. म्हणून माझं हसू त्याला लागलं असेल. लागू दे. मेलेल्या झाडाला झुमके घालायचे आणि त्याला मान म्हणायचं!

२७ मार्च

फिलिपाचा फोन. जिलाँगला माझी खोली तयार आहे, पडदे लावलेत. जत्रा झाली की निघते म्हटलं. लेकीला आनंद झाला. मला झाला का? इथं राहून काय बघायचं — लिनेटची प्लास्टिकची बाग?

३१ मार्च

हॉलवर सूप घ्यायला गेले. वणव्यापासून दुपारचं जेवण तिथंच मिळतं, आणि एकटीसाठी कोण रांधत बसतं.

टेबलांवर पानंच पानं. देवा! नारिंगी म्हणजे वाहतूक पोलिसाच्या जाकिटासारखं नारिंगी. लाल म्हणजे टोमॅटो सॉस. एकीनं तर चकाकी भुरभुरली होती. कुणी सोबत क्लेचे भोपळे केलेले, कुणी ओकची फळं, डोळे आणि तोंड काढलेली. फळाला तोंड!

मी चाळीस वर्षं चाक फिरवलं. खरी माती — नदीकाठची, हातानं गाळलेली. भट्टी लावली की दोन दिवस जीव टांगणीला. इथं बायका गप्पा मारत अर्ध्या तासात 'कला' बाहेर काढतात आणि एकमेकींना शाबासकी देतात. "किती गोड!" "अगदी खरं वाटतं!" खरं? ज्यांच्या दारात शंभर वर्षं ओक उभे होते त्यांना ओकचं पान कसं असतं ते आठवू नये?

एक उचललं. लिनेटला म्हटलं, "हे पान नाही. हा हातमोजा आहे."

शेजारच्या दोघींनी आपापली पानं झाकली. लिनेट मात्र हसली. म्हणाली, "मग दाखव ना करून."

सूप न पिताच घरी आले. मूर्खपणा — भूक लागली होती.

२ एप्रिल

गेले नाही. का जावं? माझी भट्टीची शेड जळली, आतलं सगळं काम जळलं, चाक जळलं. मेलं घर मात्र तसंच उभं राहिलं. आगीला एवढी अक्कल नव्हती की नेमकं उलटं करावं. आणि आता मी लाटण्यानं प्लास्टिक लाटू?

५ एप्रिल

गेले.

तो हातमोजा डोळ्यापुढून हलेना, म्हणून. आधी पुलापलीकडच्या दफनभूमीत गेले. तिथं एक ओक वाचलाय. पिवळी पडू लागलेली पानं घेतली, वेगवेगळ्या मापांची. हॉलवर कोपऱ्यातलं टेबल धरलं, कुणाशी बोलले नाही. तपकिरी, मोहरी, जरासा काळपट हिरवा असे गोळे अर्धवटच मिसळले, म्हणजे रेघा राहतात. पातळ लाटलं. खरं पान उलटं ठेवून वरून लाटणं फिरवलं. शिरा उमटल्या. कडेनं कापलं, देठाशी भोक पाडलं, चुरगळलेल्या फॉइलवर पसरून भाजलं, म्हणजे पान वळतं, सपाट पापड होत नाही.

निघालं ते पान होतं. बायका जमल्या. मला चीड आली ती याची, की इतकं सोपं होतं! तडा नाही, धोका नाही, वाट बघणं नाही. ज्या वस्तूला बिघडायची भीती नाही तिला केल्याचं सुख कसलं?

लिनेटनं विचारलं, सगळ्यांना शिकवशील का. म्हटलं, नाही. मग शिकवलं. कारण शेजारची बाई शिरा टाचणीनं ओरखडत होती, आणि ते बघवेना.

९ एप्रिल

डगनं आज घोळ केला. बाबाला घाई. ओव्हनचा काटा पार पुढं फिरवला, लवकर होतील म्हणून. ही माती जास्त तापली की काळी पडते आणि धूर सोडते. कडवट, घशात अडकणारा.

धूर छताला लागला आणि हॉल थिजला. कुणी किंचाळलं नाही. सगळे दाराकडे निघाले, शिस्तीत, पर्सा न घेता. जानेवारीत निघाले होते तसेच. एक बाई पायरीवर बसून ओकली. डग भिंतीला टेकून "माझंच चुकलं, माझंच चुकलं" म्हणत राहिला. मी ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, ट्रे बाहेर फेकला. कुणीतरी करायलाच हवं होतं.

आणि आमचा धीराचा पुतळा कुठं? लिनेट तिच्या गाडीत. काचा वर, इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काचेवर टकटक केली. तिनं माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. मी दार उघडून किल्ली काढली आणि शेजारी बसले. मग ती म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

सांगणार नाही. पण मग ते रोजचं हसू कशाला? आपण कोसळायचं गाडीत बसून, आणि लोकांना मात्र 'सगळं छान होईल' वाटायचं! ढोंग. घरी येताना मला तेवढंच वाटत होतं.

१४ एप्रिल

डग खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला. म्हणाला, काकाच्या झाडासाठी एक पान हवंय. पण सुंदर नको. सुरवंटानं खाल्लेलं हवं.

"का रे बाबा?"

"त्या झाडावर दरवर्षी सुरवंट पडायचे. बाप शिव्या द्यायचा. म्हणायचा, भाऊ जिवंतपणी असाच होता, सगळ्यांना आधी जेवू घालायचा."

या माणसाला मी तीस वर्षं ओळखते. याआधी एकदाही दोन वाक्यं सलग बोलला नव्हता.

केलं. सुईनं कडा कुरतडल्या, मधे चाळण केली. दोन तुटली, तिसरं जमलं. त्यानं रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. आभार मानले नाहीत. बरं केलं, नाहीतर मला काहीतरी लागट बोलावं लागलं असतं.

२० एप्रिल

टांगली. शिड्या, तारा, दिवसभर आरडाओरडा. अग्निशमन दलाची पोरं वर, खाली सगळ्या सूचना देणाऱ्या. चकाकीवालीनं तिची पानं नेमकी डोळ्यांसमोर बांधून घेतली.

लांबून बघितलं तर झाड नटलेल्या म्हातारीसारखं दिसतं. आणि वारा आला की पानं एकमेकांवर आपटून खुळखुळतात. खरं पान सळसळतं. हे बांगड्यांचं दुकान! मी लिनेटला तसं सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये." एवढंच. हसली नाही आज.

डगनं त्याचं पान स्वतः बांधलं. शिडीवर चढू नको म्हणून सगळे सांगत होते.

२६ एप्रिल

जत्रा. मेलबर्नहून गाड्यांची रांग. धुतलेले बूट, मोठे कॅमेरे. जळक्या खोडाला टेकून फोटो! एका बाईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुम्ही लोक किती खंबीर आहात. मी हात काढून घेतला. खंबीर म्हणे. पर्याय काय होता, बाई?

दुपारी गावातलेच लोक झाडांखालून चालले. ते फोटो काढत नव्हते. आपापल्या झाडाशी थांबत होते, पान उलटून बघत होते, पुढं जात होते. दोन बहिणी वणव्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एका झाडाखाली शेजारी उभ्या होत्या. बोलल्या की नाही, माहीत नाही. मी तिथून निघाले. मला अशी दृश्यं सहन होत नाहीत.

खुर्च्या आवरताना लिनेट आली. हॉलच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

म्हणाली, "मी उद्या सकाळी जातेय. ॲडलेडला, भावाकडे. परत नाही येणार."

मला वाटलं थट्टा आहे.

"मला इथं श्वास घेता येत नाही, नेरिडा. जानेवारीपासूनच. पण जाताना गाडीच्या आरशात ती काळी झाडं दिसली असती, आणि मग मी गाव तसंच आठवत राहिले असते. म्हणून."

"एवढ्या लोकांना राहायला लावलंस, आणि तू चाललीस?"

"मी कुणालाही राहा म्हटलं नाही. पानं करा म्हटलं."

खरं आहे. आठवून बघितलं. खरंच कधी म्हटली नव्हती. ते आम्हीच ऐकत होतो.

"मग हे मला का सांगतेस? डगला सांग, बाकीच्यांना सांग."

"त्यांना सांगितलं तर ते मला समजून घेतील. मग माझ्याच्यानं जाणं होणार नाही. तू कधी माझं खोटं कौतुक केलं नाहीस. तू जाऊ देशील."

मी काहीतरी कडू बोलणार होते. भरपूर होतं जवळ, महिनाभराचं. तिच्या नखांत नारिंगी क्ले अडकली होती, तेवढं बघत राहिले.

२७ एप्रिल

कॅरव्हॅनच्या जागी पिवळं गवत. मी दिवसभर घराबाहेर पडले नाही.

२८ एप्रिल

सकाळी हॉल उघडला. सगळ्या आल्या, डगही आला. लिनेट गेली, एवढंच सांगितलं. कुणी काही विचारण्याआधी क्लेची पाकिटं टेबलावर टाकली आणि म्हटलं, हिवाळा येतोय, वॉटलची, त्या पिवळ्या रानबाभळीची, फुलं करायची, आणि ज्यांना चकाकी हवी त्यांनी घरी जावं. कुणी गेलं नाही. दुपारी फिलिपाला फोन केला — पडदे काढून ठेव.