घरात ऑफिस नको

प्रिय चिमणे,

एकाच ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्या जावेला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी भाजी चिरताना मी विषय काढला, तर तू सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, ताई, घरात ऑफिस नको. नियम माझाच. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मीच घातला होता, कारण दोघी एकाच लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत, त्यातून तू माझ्याच हाताखाली. जेवणाच्या टेबलावर फायली यायला वेळ लागला नसता. माझीच काठी माझ्याच पाठीत घातलीस. आत्ता सकाळी तू निघालीस ती डबाही विसरलीस. म्हणजे तुझंही चित्त ठिकाणावर नाही.

तुला आठवतं का, रेकॉर्ड रूममधले तुझे पहिले दिवस? शिंकून शिंकून नाक लाल व्हायचं तुझं. कागद जन्मला की त्याला नंबर, मग पेटी, मग किती वर्षं ठेवायचा ती मुदत, आणि मुदत संपली की एक तर कायमच्या कपाटात, नाही तर रद्दीचा लगदा करणाऱ्यांच्या गाडीत, हे मी तुला शिकवत होते. तू म्हणालीस, माणसासारखंच की, फक्त कागदाला जायची तारीख आधी कळते. त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाची तक्रार टेबलावर पडून राहिली आणि इकडे त्याचे कागद गाडीत गेले. दोघींनी काय बोलणी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी तूच एक नियम लिहून आणलास: एखाद्या पेटीचा नंबर घालून पत्र आलं, की त्या पत्राला लेखी उत्तर जाईपर्यंत पेटी जागची हलवायची नाही. साहेबांनी तो न वाचताच त्यावर सही करून टाकली. पुढे तू ब्रेक तपासणीत गेलीस, तिथली प्रमुख झालीस, आणि मी धुळीतच राहिले. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. जावाजावांत हेवेदावे असायचेच म्हणतात, पण तुझ्या बढतीचे पेढे मी स्वतः वाटले होते.

आता गेल्या आठवड्याचं. हॉस्पिटलमधली आपली लिफ्ट घसरली आणि साफसफाई करणाऱ्या बाईचे दोन्ही पाय मोडले. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, चूक इमारतवाल्यांची आहे, त्यांनी निगा राखली नाही, आणि या विषयावर कुणीही काही लेखी द्यायचं नाही. सोमवारी तुझ्या सहीने मुदत संपलेल्या कागदांची यादी माझ्याकडे आली. त्यात पेटी क्रमांक चारशे बारा होती, घसरलेली लिफ्ट ज्या खेपेतली त्याच खेपेच्या ब्रेक चाचण्या. मुदत खरोखरच संपली आहे, कायद्याने कुणी बोट ठेवू शकणार नाही. मी सही करत नाही म्हटलं. दुपारपर्यंत मला हुकूम आला, तुमची रजा फार साठली आहे, उद्यापासून घरी बसा. माझ्या जागी जे बसलेत ते गरीब गाय आहेत, पुढे केलेल्या कागदावर सही करतील. लगद्याची गाडी आज दुपारी येणार.

तरी मी स्वतःला समजावत होते की तुला काही माहीत नसेल. मग सासूबाईंनी गाऱ्हाणं केलं. परवा तू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलीस आणि लिफ्ट समोर उघडी असताना तीन मजले जिन्याने चढवलंस म्हणे. या वयात माझ्या गुडघ्यांवर काय सूड उगवते ही, असं म्हणत होत्या. मी तेल लावून दिलं. त्या इमारतीतली लिफ्ट त्याच खेपेतली आहे, हे तुला माहीत होतं. आपल्या सासूला तू जिन्याने नेलंस. बाकीच्यांच्या सासवा रोज त्या लिफ्टने वरखाली करताहेत.

मला राग आला, खूप राग आला. पण रजेवर जायच्या आधी मी पेटी उघडून पाहिली होती, आणि म्हणून तुझ्यावर धड रागावताही येत नाही. चाचणीच्या कागदावर तुझ्याच अक्षरात लिहिलं आहे, ब्रेक उशिरा धरतो, पाठवू नये. त्याच्या खाली साहेबांच्या अक्षरात एकच शब्द, पाठवा. आणि तळाला तुझी सही. हा कागद सापडला तर पहिली तूच अडकशील, असं त्यांनी तुला सांगितलं असणार, आणि तू घाबरलीस. अगं वेडे, तू फक्त सहीकडे बघते आहेस. वरची ओळही तुझीच आहे. तो कागद गेला तर तू नको म्हणाली होतीस याला जगात दुसरा पुरावा नाही, आणि उद्या आणखी एखादी लिफ्ट घसरली की साहेब तुलाच पुढे करतील.

म्हणून हे पत्र. उशाखाली ठेवलं असतं तर तू वाचून फाडलं असतंस. तुझा डबा घेऊन मी ऑफिसात येते आहे. डबा आणि पाकीट दोन्ही आवक टेबलावर शिक्केमामांच्या हातात देईन. पाकिटावर मी ‘खासगी’ लिहिलेलं नाही. मामा कसे आहेत तुला ठाऊक आहे, स्वतःच्या बदलीच्या हुकमावरही आधी शिक्का मारला आणि मग रडले. तुझ्यापर्यंत येईल तेव्हा या पत्रावर आवक क्रमांक पडलेला असेल, नक्कल फायलीला लागलेली असेल, आणि पेटी क्रमांक चारशे बारा तुझ्याच नियमाने जागच्या जागी असेल. साहेब आपल्या दोघींना कायमचं घरी बसवतील कदाचित, बसू. पत्राला उत्तर ज्या विभागाचे कागद त्या विभागाने द्यायचं असतं, म्हणजे तूच. आधी जेवून घे, मग खरं काय ते लिही.

तुझीच,
ताई