खुर्चीची चुगली

४, सोमवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून लिहून ठेवतो — माझी खुर्ची नेली! जिच्या डाव्या हाताचं रेग्झिन मी इतक्या वर्षांच्या बैठकांत नखाने सोलून काढलं होतं, ती. न विचारता, न सांगता. बदली आली ती काळी, गुळगुळीत, ताठ. तिच्यावर बसलं की तोंडी परीक्षा चालू आहे असं वाटतं.

मनुष्यबळ विभागाचे साहेब (आम्ही त्यांना 'मधाचं बोट' म्हणतो) दारात उभं राहून म्हणाले, "तुमच्याच पाठीच्या काळजीपोटी हो!" माझ्या पाठीने अर्ज केल्याचं मला आठवत नाही.

दुपारपर्यंत कण्हत होतो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली फुलाफुलांची उशी माझ्या अंगावर फेकली. "घ्या! दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचायच्या, वर तुमचीही ऐकायची का?" आमचा विभागच तक्रारींचा. लोकांची वॉशिंग मशीन बिघडतात, आम्ही दिलगीर होतो. दिलगिरीची सगळी वाक्यं माझी. कंपनीभरची पत्रं मऊ करायला माझ्याकडेच येतात.

"परत करा मात्र," बाई म्हणाल्या.

७, गुरुवार

उशी आहे म्हणून मी आहे.

११, सोमवार

खुर्ची आपल्यावर नजर ठेवते! सगळ्यांच्याच खुर्च्या बदलल्यात, बैठकीखाली यंत्र आहे. कोण किती वेळ बसलं ते आज भिंतीवरच्या पडद्यावर झळकलं — नावांसकट, रंगांसकट. मी हिरवा. आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं बसल्याबद्दल कौतुक झालं. शेजारच्या बाई सगळ्यांत खाली, लालभडक.

त्या उठतात, खरं आहे. मध्येच उठतात, पर्स घेऊन जातात, बऱ्याच वेळाने येतात. का, ते कुणाला माहीत नाही. काम मात्र माझ्या आधी संपलेलं असतं. मधाचं बोट सगळ्यांदेखत म्हणालं, "मॅडम, काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा." चाळीस कान टवकारले. माझेही! बाई म्हणाल्या, "कामात काही अडचण आहे का, ते सांगा."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "का उठतात म्हणे?" मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत हे खरं वाटत नाही." मला ओळखते.

१३, बुधवार

डोकं चाललं! बाई उठल्या की त्यांच्या खुर्चीत माझी शब्दकोशांची पिशवी ठेवायची. खुर्चीला काय कळतंय, बाई आहे की शब्दकोश! आल्या, पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली. पण ओठाचा कोपरा हलला.

२०, बुधवार

जमतंय. बाई पिवळ्या झाल्या. (पडद्यावर.)

२५, सोमवार

माझा उत्साह नडला. गेल्या आठवड्यात दोनदा त्या लवकर घरी गेल्या, तरी मी पिशवी ठेवूनच दिली. आज पडद्यावर बाई पहिल्या! कंपनीत सर्वाधिक बसणारी व्यक्ती! टाळ्या वाजल्या. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मधाच्या बोटाने टाळी वाजवली नाही. ते पडद्याकडेच बघत राहिलं.

२६, मंगळवार

खुर्ची वजनही घेते.

हे आज कळलं. आपलं, सगळ्यांचं, रोजचं वजन साहेबांच्या कॉम्प्युटरवर! बायका संतापल्या, पुरुषांनी पोट आत घेतलं. आणि बाईंचं वजन दिवसातून कितीदा तरी एकदम शब्दकोशांएवढं होतं.

बाईंना आत बोलावलं. दार काचेचं, ऐकू सगळं येतं.

"पिशवी कुणी ठेवली?"

"माहीत नाही."

"मग जाता कुठे, ते तरी सांगा. आजारपण असेल तर सर्टिफिकेट आणा, आपण विचार करू. आम्ही काय परके आहोत?"

"परकेच आहात. माझं काम बघा, त्यात खोट काढा. बाकी माझं मी बघेन."

दोन दारं उघडी होती त्यांना. आजार सांगायचा, नाहीतर माझं नाव. दोन्ही त्यांनी आपल्या हाताने लावून घेतली. बाहेर आल्या, पर्स उचलली, निघाल्या. मी टेबलाखाली पेन शोधत होतो. पेन माझ्या खिशात होतं.

२७, बुधवार

ही कमाल बघा! बाईंना काढण्याचं पत्र मऊ करायला माझ्याकडेच आलं. "तुमच्यासारखं कुणाला जमणार!" — मध, मध, मध. मसुदा वाचला. 'कंपनीची फसवणूक.' 'विश्वासाला तडा.' खाली माझंच जुनं वाक्य चिकटवलेलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' वॉशिंग मशीनसाठी लिहिलं होतं ते.

घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पिशवी तुमची ना?"

"हो."

"मग त्या कशाला जातायत?"

घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, माझं वय, सगळं काढलं. ती ऐकून म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी दुसरंच विचारलं."

२८, गुरुवार

पत्र दिलं. भाषा अजिबात मऊ केली नाही. फक्त बाईंचं नाव खोडून माझं घातलं. सोबत एक ओळ: पिशवी माझी, ठेवली मी, त्यांनी सांगितलेलं नव्हतं. आणि वजन घेण्याची परवानगी तुम्हाला कुणी दिली, हे कामगार कार्यालयात विचारणार आहे.

मधाचं बोट पहिल्यांदाच कडू दिसलं. "सर, हे तुम्हाला महागात पडेल."

पडलं. दुपारीच. सतरा मिनिटांत सही, शिक्का, दरवाजा! आमच्या विभागाने एवढ्या वेगाने एकही तक्रार निकाली काढलेली नाही. बाईंचं पत्र थांबलंय म्हणतात. रद्द नाही, थांबलंय. सर्टिफिकेट आणल्याशिवाय बाईंना कामावर परत घेणार नाहीत. त्या आणणार नाहीत. पडदा चालूच आहे.

निघताना उशी काखेत मारली. रखवालदाराने ती दाबून दाबून तपासली.

३०, शनिवार

बाईंच्या घरी गेलो. उशी परत केली. म्हणालो, "आता खुर्चीच नाही." कामगार कार्यालयात दोघांनी मिळून जायचं ठरलं. त्यांनी चहा टाकला. मध्येच उठून पर्स घेऊन आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. विचारलंही नाही. चहा निवला होता — छान झालाय म्हणालो.