दोनशेचाळीस की तीनशेसाठ

२१ एप्रिल

पुन्हा बंद पडलं! दीड तासाची फिल्म, जवळजवळ होत आलेली — आणि मशीन गप्प. प्रोसेसर शंभर डिग्रीला टेकला की स्वतःच मान टाकतो. अमरावतीत बाहेर चव्वेचाळीस, त्यात आमची माडीवरची खोली. खिडकी उघडायची सोय नाही. आत बायकांचं फुटेज चाललेलं असतं.

माझा धंदाच त्या बंद खिडकीवर आहे. हळद, मेंदी, बायकांचं नाचगाणं — शूटिंग मी करते, एडिटिंग मी करते, एकाही पुरुषाची नजर त्यावर पडत नाही. मुलींच्या आया दहादा विचारतात, "नगमा, कोनी पाह्यनार नाई ना?" मी सांगते, माझा नवरासुद्धा नाही. नबीनं लग्न झाल्याबरोबर जुबान दिली होती, त्या खोलीत पाय ठेवणार नाही. खोलीला कुलूप लावत नाही मी. नवऱ्याच्या घरात नवऱ्यासाठी कुलूप — बरं दिसतं का ते?

२३ एप्रिल

प्रोसेसरचा कूलर बदलायचा, हे नक्की. कोणता, ते मात्र नक्की नाही. मला साधा हवेचा टॉवर हवा आहे. एक पेचकस घेतला की घरीच बसवता येतो. नबी म्हणतो, लिक्विडच घे, नळ्यांतून पाणी फिरवणारा. वलगावच्या खताच्या दुकानातून आला की जेवायच्या आधी मोबाईल उघडतो आणि कूलरचे व्हिडिओ लावतो. "तीनशेसाठ एमएमचा घे, तीन पंखेवाला! बर्फ होते बर्फ!" त्याचा संगणकवाल्या मित्रांचा एक ग्रुप आहे, तिथे म्हणे माझ्या मशीनवर मतदान घेतलं. मी म्हटलं, मत मला आहे का?

अम्मी — माझ्या सासूबाई — दारातून म्हणाल्या, "पानी अन् बिजली एकत्र? कोनाचं डोकं फिरलं?" पहिल्यांदाच त्यांचं-माझं एकमत झालं.

२४ एप्रिल

अजहरला फोन केला. शकीलाखालाचा, माझ्या मावशीचा मुलगा. मूर्तिजापूरला एका अंगणात वाढलो आम्ही. अकोल्यात त्याचं संगणकाचं दुकान आहे, लांबलांबून लोक येतात. तो म्हणाला, "बाजी, टॉवर नको घेऊ. तुया कॅबिनेटमंदी नाई बसत तो. अन् तीनशेसाठ बी नाई बसत. दोनशेचाळीसचा, दोन पंख्यांचा लिक्विड घे, समोरून लावू."

"घरी बसेल का?"

"बोर्ड बाहेर काढा लागते. पंप चालवून, दोन दिवस गळते का पाहा लागते. मशीन आनून दे."

मशीन घराबाहेर! आणि त्यात बायकांचं सगळं फुटेज.

२७ एप्रिल

अंजनगाव सुर्जीला तुबाची हळद. काय गोड मुलगी! पिवळ्या ओढणीत अशी नाचली की तिची आजीही उठून नाचायला लागली. तुबा कॅमेऱ्यापाशी येऊन म्हणाली, "आपा, हे नाचनं फक्त आपलं हं." तिचं सासर फार कडक आहे म्हणतात. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

१ मे

आज दोनदा बंद पडलं. तुबाची फिल्म, पुढच्या दोन लग्नांच्या फिल्मा, सगळं अडलंय. घरचं झालं थोडं, त्यात माझी चुलतनणंद म्हणते, साखरपुड्याचाही व्हिडिओ करून दे!

ठरवलं. दोनशेचाळीस. नबी दोन वेळा जेवताना बोलला नाही. तीनशेसाठसाठी रुसणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

३ मे

मशीन मांडीवर घेऊन अकोल्याला. गाडीत एक आजोबा म्हणाले, "बाळ आहे का त्यात?" म्हटलं, हो, तापलंय.

अजहरनं कॅबिनेट उघडलं. फुटेजची डिस्क काढून घ्यावी असं मनात आलं होतं. हातही पुढे गेला. पण तो म्हणाला, "चालू करून पाहा लागन बाजी, हे राहू दे." मग मलाच लाज वाटली. अजहर आहे, परका थोडाच! त्याच्यासमोर डिस्क काढून पर्समध्ये टाकायची म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तू चोर आहेस. शकीलाखालाच्या हातचं खाऊन मी मोठी झाले. राहू दिली.

५ मे

आणलं मशीन. दोन जाड काळ्या नळ्या, समोर रेडिएटर. पंप चालू असतो तेव्हा अगदी बारीक गुणगुणतो. कान लावून बसले.

८ मे

तुबाची फिल्म एक्स्पोर्टला, म्हणजे अखेरची फाइल बनवायला लावली आणि मी मूर्तिजापूरला मेंदीच्या शूटिंगला गेले. नबीला सुट्टी होती. म्हणाला, "जा तू. मी खालीच हाये. पानी-बिनी गळलं त फोन करतो." परत आले तर फिल्म पूर्ण! एकदाही बंद पडलं नाही! नबी माझ्यापेक्षा खूष. बिर्याणी मागवली.

१५ मे

काम, काम, काम. मशीन थंड, मी गरम.

२४ मे



तुबाच्या आईचा फोन आला. नुसत्या रडत होत्या. तुबाचं हळदीतलं नाचणं अंजनगावात मोबाईल-मोबाईलवर फिरतंय. कुणीतरी मला पाठवलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. स्क्रीनवर चाललेलं मोबाईलनं शूट केलेलं — आडव्या रेषा दिसतात — आणि वर एक फालतू गाणं चढवलेलं. पण शॉट माझा आहे. ती पिवळी ओढणी माझ्याच कॅमेऱ्यातली. मूळ फुटेज माझ्या मशीनशिवाय कुठे नाही. फिल्मचा पेनड्राइव्ह मी तिच्या आईच्या हातात दिला, आणि त्यात हा तुकडा नव्हता. पहिली फिल्म तयार झाल्यावर तुबानंच तो काढायला लावला होता.

म्हणजे माझ्या मशीनवरून गेलं. आणि माझं मशीन घराबाहेर एकदाच गेलं.

२५ मे

नाही, अजहर नाही करणार असं.

मग कोण?

२६ मे

टेप घेऊन कॅबिनेट मोजलं. टॉवरची उंची कंपनीच्या साइटवर पाहिली. बसतो! अगदी काठोकाठ, पण बसतो! मग अजहर का म्हणाला नाही बसत म्हणून?

फोन केला. म्हणे, "बसते बाजी, पन तुयी रॅम उंच हाये. टॉवरचा पंखा वर सरकवा लागते, मंग झाकन लागत नाई." किती तयार उत्तर! मी विचारलं, तुबाची फाइल उघडली होतीस का? तो म्हणाला, "तू मले हे विचारून राहिली?"

मी फोन ठेवला.

नबी म्हणाला, "त्याले मशीन दुकानात पायजे होती. म्हनून लिक्विड गळ्यात मारला. टॉवर घरी लागला असता." तीनशेसाठचा हट्ट करणारा हाच, पण आता वाद घालायला जीव नव्हता. आणि बोलला ते खरंच वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

२८ मे

तुबा माहेरी आलीय. चार दिवसांसाठी म्हणून पाठवली, सोबत तिच्या सगळ्या बॅगा. नवरा फोन उचलत नाही.

तिच्या आईसमोर बसले. काय बोलणार? म्हटलं, माझ्या मावसभावानं दगा दिला. अजहरचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "तू त म्हने, नवरा बी पाहत नाई. अन् भावाच्या दुकानात ठेवून आली?"

३० मे

नबी अकोल्याला जाऊन आला. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, अजहरची कॉलर धरली म्हणे. मला सांगताना छाती फुगली होती. मला बरं वाटलं. हो, वाटलं! खोटं कशाला लिहू?

१ जून

शकीलाखालाचा फोन. "नगमा, मी तुले माह्या लेकीवानी वाढवलं. तुह्या नवऱ्यानं माह्या लेकाले बाजारात चोर केलं. पोरी आता लॅपटॉप घेऊन येत नाईत त्याच्या दुकानात. दोन दिस झाले, शटर वर केलं नाई त्यानं." मी म्हटलं, खाला, माझ्या तर दारात आता कुणी येत नाही. त्या म्हणाल्या, "मंग दोघं बी गेले. कोनाचं भलं झालं?"

फोन ठेवल्यावर खूप रडले. अजहरवर राग येतो, आणि रडू येतं तेही त्याच्याचसाठी. लहानपणी माझ्या वाटणीची बोरं चोरायचा आणि लगेच येऊन सांगायचा. ते पोर असं कसं झालं?

४ जून

पुढची दोन्ही लग्नं रद्द. एकीच्या आईनं सरळ म्हटलं, "आता गावातल्या फोटोवाल्यालेच सांगतो. त्याच्यावर विश्वास नाई, हे त माहीत हाये."

मशीन चालू करून नुसती बसले. काहीच काम नाही, तरी पंप चालतोय. बंद केलं.

७ जून

अजहरचा मेसेज. एवढाच — "बाजी, डिस्क तुझी, शब्द तुझा. मी हात नाही लावला." उत्तर दिलं नाही. नबीनं वाचला आणि म्हणाला, "चोराच्या उलट्या बोंबा! ब्लॉक कर." केलं.

१० जून

तुबाचा फोन. मला वाटलं शिव्या घालेल. ती म्हणाली, "आपा, रडून काई होत नाई. मी एकेकाले विचारून राहिली, तुले कोनी पाठवलं, त्याले कोनी. पह्यल्या मानसापर्यंत जातो मी." एकोणीस वर्षांची पोर. मी सतरा दिवस... नाही, मी तर विचारलंही नाही कुणाला. मला नाव आधीच सापडलं होतं.

नबीला हे सांगितलं. म्हणाला, "कायले पाहिजे ते? उगाच चिखलात हात. सरळ पोलिसात जाऊ, अजहरचं नाव देऊ." अम्मीही हो म्हणाल्या.

१२ जून

तुबानं पाठवली. पहिली क्लिप — लांब, कापलेली नाही, गाणं नाही. अमरावतीच्याच कुठल्याशा संगणकवाल्या ग्रुपवरून निघालेली, म्हणाली. विचारलं, "आवाज ओळखता का आपा?"

माझी खोली. माझा जांभळा पडदा. स्क्रीनवर एक्स्पोर्ट चाललेला, त्याच्या खिडकीत तुबा नाचतेय, कोपऱ्यात तापमान — अडुसष्ट. आणि मोबाईल धरणारा हसून म्हणतो, "पाहा लेकहो! बाहीर सेहेचाळीस, फुल लोड, अन् सत्तरच्या आत! दोनशेचाळीस बी काई कमी नाई!"

नबी.

आठ मे. मी मूर्तिजापूरला होते. त्याला आकडा दाखवायचा होता, तुबा त्याला दिसलीसुद्धा नसेल — हे मी समजू शकते. पण चोवीस मेला ती क्लिप मी रडत त्याच्याच हातात दिली होती. त्यानं पाहिली. ओळखली. आणि सहा दिवसांनी अकोल्याला जाऊन अजहरची कॉलर धरली.

आत्ता खालून हाक मारतोय. पोलीस ठाण्यात जायचंय, रिक्षा आलीय, अम्मीही तयार आहेत. मी म्हटलं, आले. मोबाईल घेते.