पिकल्या केळ्याचा वास

३ मार्च १९४७
वाईवरून बैलगाडीनं सहा मैल. हाडं खिळखिळी झाली, पण जागा झकास! कड्याखाली माझी कौलारू खोली, वर कड्याला आग्या मोहोळाची सतरा पोळी. सांगलीच्या कॉलेजात बसून माशीच्या नाकावर लिहिणाऱ्यांनी एकदा इथं यावं. नाक कसलं, मिशाच त्या. मिशा कापल्या की माशीला स्वतःचं पोळंही ओळखू येत नाही. मेंदू खसखशीएवढा, पण वास पक्का धरतो. मध काढणारा धुळा मदतीला आहे. त्याची बायको राहीबाई स्वयंपाक करते.

९ मार्च
कड्यावर चढण्याआधी धुळा अंगाला राख फासतो, माश्यांना हात जोडतो. मोहोळाच्या दिवसांत या गावात केळं आणत नाहीत. मी हसलो. पण चिरडलेल्या नांगीला पिकल्या केळ्याचाच वास येतो! तोच बाकीच्या माश्यांना बोलावत असणार. नांग्या वाटून अर्क बाटलीत भरला, नवराबायकोला हुंगवलासुद्धा.

१४ मार्च
पुरावा हवा होता. धुळाच्या पटक्याला दोन थेंब लावले, त्याला न सांगता. चार-दोन माश्या चावतील, एवढंच वाटलं होतं. अख्खं मोहोळ उठलं. त्याचा दोरावरचा हात सुटला, कड्याखाली पडून तो जागीच गेला. गावाला सांगितलं, राख कमी पडली असेल. माझा निबंध मात्र आता कुणी खोडू शकणार नाही.

२२ मार्च
राहीबाई कामावर आली. बरं वाटलं. गाडग्यात झाकून ठेवलेला नवऱ्याचा पटका तिनं पुढं केला.
"त्या दिशी धन्याच्या अंगाला राख म्याच फासली हुती, सायेब. मग ह्याला बाटलीतला वास कसा?"
म्हटलं, दुःखात असे भास होतात. तिनं पटका परत गाडग्यात झाकला.

२५ मार्च
पडशानं नाक बंद. बाटली सापडेना. राहीबाई म्हणाली, तिला काय ठावं. उद्या सकाळी डोक्याला लावायला तेल गरम करून देते म्हणाली. गुणाची बाई.

२६ मार्च, दुपार
आत्ता नाक मोकळं झालं. खोलीत केळ्याचा वास! कौलांवर घोंघावणं — दाराला बाहेरून कडी — फटीतून राहीबाई दिसते. अंगभर राख फासून उभी. हाका मारतोय, ओ देत नाही —

कोट फेकला. सदराही. वास जात नाही —

कौलातून आल्या. सरळ डोक्यावर — सकाळचं तेल — वाटी तिनं दिली, पण चोळलं मीच — माझ्याच हातानं डो—