जीपच्या दोन बॅटऱ्या

धाकट्या,

दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. जीपची चावी फिरवून फिरवून बोटं दुखली, पण ती नुसती टकटक करत राहिली. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोत, कॅनच्या मधे झोपवून त्यांना दवाखान्यात नेलं. मी कपडे न्यायला आलेय, लगेच परत निघते.

आत्ता गॅरेजवाल्याला बॉनेट उघडून दाखवलं. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा डबा तू काढून ठेवलायस, आणि दोन्ही सरळ वायरीने जोडल्यास. गाडीत मागे ठेवलेल्या तुझ्या फ्रिजने स्वतःची बॅटरी संपवली आणि गाडी सुरू करायचीही पिऊन टाकली. तुझ्या बाटल्या मात्र अजून गार आहेत. नवी बॅटरी बसवलीस तेव्हा अंगणभर मिरवत होतास, "आई, एक मेली तरी दुसरी आहे." मी पडले अडाणी, मला खरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. हे अजून डोळे उघडत नाहीत. थोरल्याला मी 'गाडी जुनी झाली' एवढंच सांगितलंय. तूही तेवढंच सांग. तो तुझा जीव घेईल, आणि मला एका दिवसात दोघं गमवायचे नाहीत.

दवाखान्यात रडत येऊ नकोस. आधी जेव, उपाशी हात थरथरतात. मग तो डबा जागेवर बसव, बॅटऱ्या चार्ज कर, मागची सीट पाडून गादी अंथर. टेम्पोतून गेले ते गेले, घरी आपल्याच गाडीतून येतील. कसेही आले तरी.

आई